मदत हवी आहे: भावाला नगरपरिषदेत युवा कार्य प्रशिक्षणाला पाठवू का दुकानात?

ओवी_चहावाली

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय इथं, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय २२, राज्यशास्त्रात बी.ए., दोन विषय राहिले होते ते पण सुटले एकदाचे. गाव सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याचं, क वर्ग नगरपरिषद. नाव घेत नाही कारण तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि आमच्या बाबांची घरपट्टी दोन वर्षं थकलीये. मी पुण्यात असते, घरी आई, बाबा आणि हा. त्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसाठी महास्वयंमवर (सरकारचं रोजगार पोर्टल) नोंदणी केली होती, केली होती हेच आम्ही विसरलो होतो, आणि गेल्या आठवड्यात नगरपरिषदेतून फोन आला की कागदपत्रं घेऊन या. पदवीधर म्हणून महिना १०,००० विद्यावेतन.

दुसरीकडे गावातल्याच एका कृषी सेवा केंद्रात १२,००० देतायत, बिलं करायची, गोण्या मोजून घ्यायच्या, रविवारी अर्धा दिवस. बाबा म्हणतात दुकानात जा, एक तारखेला पैसे हातात पडतात. आई म्हणते "पालिकेत लागला" म्हणून सांगायला बरं वाटतं. आणि हा म्हणतो ताई तू सांग. मी काय सांगू, दाखला काढायच्या पलीकडं मी पालिकेत पाऊल टाकलेलं नाही.

तर विचारायचं असं की तिथं खरंच काही शिकवतात का नुसतं झेरॉक्स आणि चहा, पैसे वेळेवर येतात का, पुढं पर्मनंट करतात असं गावात जो तो सांगतोय ते कितपत खरं, आणि त्याला एम.ए. ला ॲडमिशन घ्यायचीये ती घेतली तर चालतं का. अजून एक, आत्याची मुलगी एम.कॉम. पहिल्या वर्षाला आहे, ती पण मागे लागलीये मला पण पालिकेत लावा म्हणून. तिचं काही होऊ शकतं का?

खडूस_काका

पर्मनंटचं आधी डोक्यातून काढून टाक. जुलै २०२४ चा जीआर आहे, नावातच प्रशिक्षण आहे, नोकरीचा काही हक्क मिळत नाही. तेव्हा लाडका भाऊ लाडका भाऊ करून गाजावाजा झाला, पोरांना वाटलं सरकारी नोकरीच लागली. आधी मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये ११ केली, आणि मुदत संपल्यावर पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्यांची चूक म्हणणार नाही मी, कुणीतरी आशा लावली म्हणूनच बसली. पण पालिकेची भरती सरळसेवा परीक्षेनं होते, तिथं मार्क लागतात, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट दाखवून कुणी आत घेत नाही. आणि फायदा एकदाच मिळतो या योजनेचा. दुकानदार ओळखीचा असेल तर दुकानात पाठव, धंदा तरी शिकेल.

शेवंती

काका नेहमीप्रमाणे कडू पण चुकीचं नाही बोलले 😀

मी स्वतः केलंय हे, दुसऱ्या जिल्ह्यात, नगरपरिषदेतच, कर विभागात. पहिला महिना खरंच झेरॉक्स आणि बिलांच्या घड्या घालणं एवढंच. माझं टेबल नव्हतंच, खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. मग घरांच्या मोजणीचं काम निघालं तेव्हा एका कर्मचाऱ्यासोबत मला पाठवलं, तो टेप धरायचा आणि मी लिहायचे, लांबी, रुंदी, पत्रा का स्लॅब, वापर राहता का दुकान. एका आजींनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरून दिलं आणि वर विचारलं, "मोजून काय करणार गं, वाढवणारच ना?" काय उत्तर देणार! पण तिथं मला कळलं की रजिस्टरला मालक म्हणून ज्याचं नाव आहे तो माणूस कधीच वारलेला असतो, तीन पोरं तीन चुली, आणि बिल मात्र अजून त्यांच्या बापाच्याच नावानं निघतं, मग वारसनोंद म्हणजे काय, फेरफार अर्ज कसा असतो, हरकत कशी घेतात, हे सगळं आपोआप शिकले. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ७४ वी घटनादुरुस्ती (नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी) पाठ केली होती, तिचा वास कसा असतो ते त्या रजिस्टरांत समजलं (धूळ आणि डिंक).

आता पैसे. माझे पहिले तीन महिने काहीच आले नाहीत, मग एकदम आले. आणि आले ते कुठं? डीबीटीनं (सरकारकडून थेट बँक खात्यात) येतात, म्हणजे तुम्ही फॉर्मवर कुठला अकाउंट नंबर लिहिला त्याला अर्थ नाही, आधारला ज्या बँकेचं खातं शेवटचं जोडलेलं असेल तिथं जातात. माझं एका सिम कार्डासोबत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला जोडलं गेलं होतं, मला पत्ताच नाही. मी रोज पासबुक भरून आणतेय आणि पैसे तिकडं लोळतायत. त्यामुळे रुजू व्हायच्या आधी आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघायला सांग भावाला, दोन मिनिटांचं काम आहे.

ओवी_चहावाली

@शेवंती अगं आत्ता बघायला लावलं त्याला. जोडलेलं खातं निघालं शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेलं!! ते चालू आहे का बंद हेच कुणाला माहीत नाही. उद्या बँकेत जातोय. तुझे उपकार.

@खडूस काका, दुकानाचं मी पण बोलले, पण तो म्हणतो खताच्या वासानं डोकं दुखतं. आता यावर काय बोलणार.

निवृत्त_बारनिशी

मुली, मी ३१ वर्षं नगरपरिषदेत काढली, शेवटी आवक-जावकला होतो म्हणून हे नाव. तुझ्या प्रश्नांतलं मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

शिकवतात का हा प्रश्न चुकीचा आहे. आम्हालाही कुणी शिकवलं नाही. आस्थापनेवर मंजूर पदं किती आणि भरलेली किती हे बघितलंस तर कळेल की एकेका क्लार्ककडं तीन-तीन टेबलं आहेत, तो शिकवत बसणार कधी? पण त्याच कारणानं शहाणा पोरगा पंधरा दिवसांत लागतो त्यांना. जो स्वतःहून "साहेब ही नस्ती (फाइल) मी लावून ठेवू का" विचारतो त्याला काम मिळतं, जो मोबाईल बघत बसतो त्याला चहा सांगायला पाठवतात. सगळ्या ऑफिसांचा हाच कायदा आहे.

विभाग कुठला मिळेल ते मुख्याधिकारी ठरवतील, पण मागून बघायला हरकत नाही. माझं ऐकशील तर त्याला जन्म-मृत्यू नोंदणीला मागू दे. लोकांना वाटतं दाखला म्हणजे प्रिंट मारली की झालं. तसं नसतं. २१ दिवसांत नोंद केली तर साधं काम, त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवस उलटले की वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाई सहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन येते, शाळेत नाव घालायचंय, नोंद तर आहे पण नावाच्या रकान्यात काहीच नाही, नुसतं "पुरुष". तिला रागवायचं नसतं, कुठला अर्ज, कुठला पुरावा, ते कागदावर लिहून द्यायचं असतं. हे ज्याला जमलं तो पुढं कुठंही जगतो. आणि जुनी रजिस्टरं बघायला मिळतील. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा आम्ही मोडी वाचणारा माणूस धुंडाळत तालुकाभर फिरलो, शेवटी एक ८० वर्षांचे गुरुजी मिळाले. राज्यशास्त्राच्या पोराला याच्याइतकं चांगलं काय मिळणार.

बांधकाम विभाग मात्र टाळा. का ते विचारू नका.

हजेरीचं सांगतो, कारण पोरं तिथंच मार खातात. हजेरी महिनाअखेर ऑफिसनं पोर्टलवर चढवायची असते, ती चढली तरच विद्यावेतन. चढवणारा माणूस वसुलीला गेला असेल, रजेवर असेल तर तुमचा महिना लटकला. म्हणून एक तारखेला आस्थापनेच्या टेबलापुढं उभं राहायचं, गोड बोलून, आणि स्वतःच्या वहीत रोजची नोंद ठेवायची, काय काम केलं ते एका ओळीत. महिन्यात १० दिवस किंवा जास्त खाडा झाला तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही. आणि पहिल्याच महिन्यात सोडून गेला तर काहीच नाही.

जाता जाता. घरपट्टीला महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते थकबाकीवर. पोरगा त्याच इमारतीत बसणार, बाबांना म्हणावं भरून टाका. 🙏

ओवी_चहावाली

काका 🙏🙏 शास्तीचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हा माणूस नक्की आपल्याच गावचा आहे.

बांधकाम का टाळायचं ते आता रात्रभर डोक्यात राहणार.

एम.ए. चं कुणी सांगेल का? आणि आत्याच्या मुलीचं?

वर्गाबाहेर

मी कॉलेजला शिकवतो, हे दोन्ही प्रश्न माझ्याकडं आठवड्याला एकदा येतातच.

नियमाचं वाक्य सरळ आहे, वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, किमान १२ वी पास, आणि शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्र नाहीत. म्हणजे ॲडमिशन घेऊन गुपचूप दोन्हीकडं पाय ठेवले आणि उद्या कुणी तक्रार केली तर अडचण त्याचीच. बाहेरून एम.ए. करायचा विचार असेल तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात लेखी अर्ज देऊन उत्तरही लेखी घ्या, "अहो चालतंय" असं तोंडी सांगणारे उद्या ओळख दाखवत नाहीत. माझं मत विचारशील तर ११ महिने हे करू दे, एम.ए. पुढच्या जूनला. एक वर्ष गेल्यानं काही बिघडत नाही, उलट असा एक वर्षाचा अनुभव घेऊन आलेला विद्यार्थी वर्गात वेगळे प्रश्न विचारतो, मला तरी तोच आवडतो. (काही सहकाऱ्यांना नाही आवडत.)

एम.कॉम. वाल्या मुलीला ही योजना नाही, पण तिला गरजही नाही. नवीन शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात एम.कॉम.ला पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आहेच, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. बहुतेक मुलं सीएच्या ऑफिसात नाव लावतात, जातात चार दिवस आणि सही-शिक्का आणतात. तिनं कॉलेजचं पत्र घ्यावं, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, त्यात तास आणि तारखा स्पष्ट, आणि लेखा विभाग मागावा. पैसे मिळणार नाहीत. पण नगरपरिषदेचं बजेट कसं बसवतात, केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी वेगळ्या खात्यात का ठेवतात, हे तिला कुठलाही गाईड सांगणार नाही. फेब्रुवारी-मार्चात मात्र जाऊ नका, वसुली आणि बजेट एकदमच अंगावर असतं, तिला कुणी ढुंकून बघणार नाही.

खडूस_काका

१२० तास फुकट. वा.

वर्गाबाहेर

काका, ते तास तसेही द्यायचेच आहेत. कुठं द्यायचे एवढंच तिच्या हातात आहे.

शेवंती

दुकान की पालिका यावर माझं मत राहिलं. २,००० चा फरक आहे, पण घरात महिन्याला येणाऱ्या पैशावर किराणा अवलंबून असेल तर दुकान, कारण पालिकेत तीन महिने खिसा रिकामा राहू शकतो हे धरूनच चालायचं. तसं नसेल, घर तुझ्या पगारावर आणि बाबांच्या कामावर निभत असेल, तर पालिका. आणि संध्याकाळी अभ्यासाला वेळ मिळतो हे कुणीच बोललं नाही, मी तलाठी भरतीचा अभ्यास त्याच काळात केला. नाही लागले 😅 पण केला.

ओवी_चहावाली

अपडेट देते, नाहीतर धागा काढून गायब होणाऱ्यांत माझी गणना होईल.

शेवटी पालिकेत रुजू झाला, सोमवारी. जुनं खातं बंदच पडलेलं निघालं, आधार नवीन खात्याला जोडून घेतलं, त्यात चार दिवस गेले. घरात ठरलं असं की पहिले तीन महिने मी ४,००० पाठवणार आणि विद्यावेतन आलं की तो परत करणार (बघू!!). एम.ए. पुढच्या वर्षी. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच जाऊन घरपट्टीचा एक हप्ता भरून आले आणि पावती फ्रीजवर चिकटवलीये.

जन्म-मृत्यू मागितलं तर मिळालं नाही, स्वच्छता विभाग दिलाय. पहिल्या दिवशी घंटागाडीसोबत पाठवलं, ओला-सुका वेगळा देणारी घरं किती त्याची नोंद करायला. एका गल्लीत ४२ घरं, वेगळा कचरा देणारी ७. आणि त्या सातांत आमचं घर नाही, हे त्यानं रात्री आईला सांगितलं, आई अजून चिडलेली आहे.

आत्याच्या मुलीनं कॉलेजकडं पत्र मागितलंय, लेखा विभागासाठी.

सगळ्यांचे आभार. अजून काही लक्षात ठेवायचं असेल तर सांगा.

निवृत्त_बारनिशी

स्वच्छता वाईट नाही, गाव पाठ होतं.

रुजू अहवाल दिला त्याची पोच घेतली का त्यानं? आवक नंबर आणि शिक्का असलेली?

ओवी_चहावाली

विचारलं. नाही घेतली. "साहेबांनी ठेवून घेतला" म्हणतो. उद्या सकाळी पहिलं तेच करायला लावते.