सारा जेनेट डंकन कॅनडाची कशी?

कागदी_होडी
डंकनबाईंची ‘द इम्पीरियलिस्ट’ (१९०४) ही कादंबरी काल संपवली. कॅनडात तिला अभिजात मानतात, पण बाईंना कॅनेडियन कादंबरीकार म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. जन्म १८६१चा, ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डचा, हे खरं. पण डिसेंबर १८९० मध्ये कलकत्त्यात तिथल्या संग्रहालयातल्या कीटकशास्त्रज्ञ एव्हरार्ड कोट्सशी लग्न झालं आणि पुढची पंचवीसेक वर्षं बिऱ्हाड बहुतेक कलकत्ता-सिमल्यातच. कॅनडात घडणारी कादंबरी ही एवढीच. बाकी बऱ्याच पुस्तकांत साहेबाचा हिंदुस्थान.

टपरीवरचा_चहा
साफ असहमत. बिऱ्हाड हललं म्हणून नजर बदलते होय? ‘इम्पीरियलिस्ट’मधलं एल्गिन गाव म्हणजे ब्रँटफर्डच. बाजाराचा दिवस, चर्चमधली माणसं, निवडणुकीचा धुरळा. तरुण वकील लॉर्न मर्चिसन ब्रिटिश साम्राज्याच्या एकीवर भाषणं झोडतो आणि शेतकऱ्यांना हवं असतं धान्याला काय भाव मिळणार ते! शेवटी त्याचाच पक्ष त्याला बाजूला सारतो. हे टिपायला बातमीदार लागतो. बाई १८८६ मध्ये टोरांटोच्या ‘ग्लोब’मध्ये संपादकीय विभागात होत्या, ‘गार्थ ग्राफ्टन’ या पुरुषी नावानं लिहायच्या. १८८८ मध्ये ‘माँट्रियल स्टार’साठी ओटावाच्या संसदेचं वार्तांकन केलं. घडण तिकडचीच.

कागदी_होडी
बातमीदारी मान्य. मग त्या निकषावर ‘द सिंपल अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अ मेमसाहिब’ (१८९३) वरचढ ठरते. नवी नवरी हेलन ब्राऊन कलकत्त्यात येते, घर मांडते, नोकरचाकर सांभाळते आणि हळूहळू इतर मेमसाहिबांसारखीच होऊन जाते. सांगणारीही एक जुनी मेमसाहिब. त्या बाईचा कोरडा, किंचित कुजका सूर मर्चिसनच्या भाषणांपेक्षा कितीतरी सरस आहे.

खारवलेली_कैरी
तुम्ही दोघं पत्ता शोधत बसलात. ‘द बर्न्ट ऑफरिंग’ (१९०९) वाचलीत का? जुलै १९०८ मध्ये मुंबईत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी आली. त्यातही राजद्रोहाचा खटला आहे. एल्गिनचा वकील आपल्या देशाच्या भवितव्यावर जाहीर बोलतो ते राजकारण, बंगाली माणूस बोलला की कोर्ट! स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेणारी ही बाई, पण हिंदुस्थानच्या स्वराज्यापाशी हात आखडता. मराठी वाचकानं हे कसं गिळायचं?

टपरीवरचा_चहा
गिळू नका, पण ‘हिज ऑनर, अँड अ लेडी’ (१८९६) बघा. त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनाही सोडलेलं नाही.

खारवलेली_कैरी
अधिकारी वाईट दाखवले, बरोबर. अधिकारी हवेतच कशाला, असं कुठे विचारलंय?

कागदी_होडी
याला माझ्याकडे उत्तर नाही. मेमसाहिब पुन्हा वाचायला घेतोय. (शीर्षक चुकलंच माझं.)