मदत हवी आहे: सरांच्या गौरवांकात सायटेशनचा आकडा कोणता छापू?

नमस्कार मंडळी,

आमचे सर जूनअखेर निवृत्त होताहेत. कॉलेज गौरवांक काढतंय आणि त्यांच्या संशोधनावरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. पीएच.डी. त्यांच्याकडेच केली, त्यामुळे काम माहीत आहे. घोडं अडलंय ते सायटेशनच्या, म्हणजे त्यांच्या पेपरांचा संदर्भ इतर पेपरांत किती वेळा आला त्या आकड्यांपाशी.

सरांचा विषय वाहक बहुवारिकं, म्हणजे वीज वाहणारी प्लास्टिकं, लॅबच्या भाषेत कंडक्टिंग पॉलिमर. लेखाची सुरुवात जमलीय. टोकियोत रसायनशास्त्रज्ञ शिराकावा काम करायचे त्या लॅबमध्ये पॉलिमर बनवताना चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि नेहमीच्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा हाती आला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्यासोबत त्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा वाहकता कोटीपट वाढली. १९७७चा तो पेपर जेमतेम तीन पानांचा! २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल. (पेपरवर नावं पाच होती, पण तो वेगळा धागा होईल.)

सरांचं काम पॉलिॲनिलिनवर, म्हणजे ॲनिलिनपासून बनणाऱ्या अशाच पॉलिमरवर. ॲनिलिन तपकिरी पडलेलं असायचं, ते आधी ऊर्ध्वपातन करून पाण्यासारखं नितळ करायचं. मग आम्लात घालून बर्फात ठेवायचं आणि वरून अमोनियम परसल्फेट थेंबथेंब सोडायचं. मे महिन्यात बर्फ आणायला मी समोरच्या रसवंतीत पळायचो. चंचुपात्रातलं पाणी आधी निळसर व्हायचं, मग गडद हिरवं. हिरवं म्हणजे वीज वाहणारं. त्याला अमोनिया लागला की ते निळं पडतं आणि विजेला होणारा रोध वाढतो. अमोनिया ओळखणारा सेन्सर करायचा तो याच गुणावर.

आता अडचण. वरून फर्मान आहे की सायटेशन किती ते ठळक चौकटीत छापा. संशोधनलेख शोधून देणारं गूगल स्कॉलर एक आकडा दाखवतं, तसलीच दुसरी सूची स्कोपस बराच कमी. एच-निर्देशांक स्कॉलरवर १९, स्कोपसवर १४. त्यात सरांचं आडनाव गावोगाव सापडणारं आणि पेपरवर पुढे एकच आद्याक्षर. त्यामुळे स्कॉलरने त्यांच्या खात्यात डाळिंबाच्या तेल्या रोगावरचे दोन पेपरही घुसडलेत!

खरी बोच वेगळीच आहे. सर्वाधिक सायटेशन आहेत ती एका आढावा लेखाला, जो सर स्वतः 'जमवाजमव' म्हणतात. आणि ज्याच्यावर त्यांचा जीव आहे, त्या पेपरला मोजून ११. अमोनिया नसतानाही नुसत्या दमट हवेने सेन्सरचा रोध कसा सरकतो, हे त्यात आहे. दोन पावसाळे मोजमापात गेले होते.

तर आकडा कोणता घेऊ? आणि त्या ११वाल्या पेपरबद्दल काय लिहू?

प्रतिसाद १
स्कॉलर प्रबंध, परिषदांची बाडं, सगळंच मोजतं. स्कोपस निवडून घेतलेलंच धरतं, मुख्यतः नियतकालिकं. तफावत राहणारच. कुठलाही एक आकडा घ्या, पण कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते छापा. सरांचा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर त्यावरून यादी ताडून बघा, डाळिंबं आपोआप गळतील. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करा. आढावा लेखांना मूळ कामापेक्षा जास्त सायटेशन मिळणं नेहमीचंच, त्यात विशेष काही नाही.

एच-निर्देशांक हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढला. १४ म्हणजे किमान १४ सायटेशन असलेले १४ पेपर. कंसात एवढं लिहा, नाहीतर वाचक त्याला टक्केवारी समजतील.

प्रतिसाद २
आकडा राहू द्या. ती अकराच्या अकरा सायटेशन उघडून वाचा. प्रस्तावनेत दहा संदर्भांच्या गठ्ठ्यात नाव आहे, की कुणी खरंच ते काम वापरलंय? दोन्हीची मोजणी १ च होते. तासाभराचं काम आहे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तेल्या गेला. चौकटीत स्कोपसचा आकडा तारखेसकट टाकतोय, स्वतःची वजा करून.

आणि अकराही वाचली. सात ठिकाणी नुसता गठ्ठा. तिघांनी एकेक वाक्य लिहिलंय, त्यातल्या एकाने उलटाच अर्थ काढलाय. पण अकराव्याने सरांची पद्धत जशीच्या तशी घेऊन आपल्या पॉलिमरच्या पापुद्र्यावर सगळी मोजमापं पुन्हा केलीत, आणि अमोनियाच्या प्रत्येक आलेखाखाली त्या दिवशीची आर्द्रता लिहिलीय. लेखाचा शेवटचा परिच्छेद याच पेपरवर लिहितोय.

सरांना फोन करून सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "किती टक्क्यांपर्यंत नेलीय त्यांनी आर्द्रता? आपण ऐंशीच्या पुढे गेलोच नव्हतो. पेपर पाठव मला."