‘पाणी निर्जंतुक आहे’ असं लिहावं का?

गोदाकाठ: नाशिक तालुक्यातल्या एका नळपाणी योजनेचा फलक तपासतोय. मजकुरात ‘टाकीतील पाणी निर्जंतुक आहे’ असं वाक्य आहे. अहवालात कोलीफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) शून्य आलेत. शब्द चालेल का?

थायोसल्फेट: नाही. प्रयोगशाळेत निर्जंतुक म्हणजे ज्यात एकही जिवंत जंतू नाही, बीजाणूसुद्धा नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर किमान १५ मिनिटं ठेवलेली नमुन्याची बाटली निर्जंतुक. नळाच्या पाण्यात निरुपद्रवी जिवाणू असतातच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० जिवाणूंबाबत एवढंच मागतं, की १०० मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) वा कोलीफॉर्म आढळू नयेत.

सातपूरकर: मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याला ‘निर्जंतुकीकरण’ का म्हणतात?

थायोसल्फेट: रूढ झालाय, राहू द्या. कृतीला तो चालतो, निकालाला ‘निर्जंतुक’ नको. क्लोरीन नेहमीच्या मात्रेत क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीला मारत नाही. काही विषाणूही ई. कोलायपेक्षा चिवट असतात, म्हणून कोलीफॉर्म शून्य म्हणजे विषाणू शून्य नव्हे. याच मानकात शिल्लक मुक्त क्लोरीन (पाण्यात मोकळा उरलेला) एरवी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५.

सातपूरकर: ओटी टेस्टचा, म्हणजे ऑर्थोटोलिडिन टाकून क्लोरीन मोजायच्या चाचणीचा, पिवळा रंग बघून भागतं का?

थायोसल्फेट: रंग पहिल्या दहा सेकंदांतच बघायचा. पंधरा मिनिटांनी बघितलात तर संयुक्त क्लोरीनही (अमोनियासारख्या घटकांशी जोडला गेलेला) त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. शिवाय ऑर्थोटोलिडिन विषारी, त्याऐवजी डीपीडी हे रसायन बरं. टीसीएल ३३ टक्क्यांचं असेल तर हजार लिटरला ३ ग्रॅम म्हणजे लिटरला साधारण १ मिलिग्रॅम क्लोरीन. पोतं उघडं राहिलं की ३३ टक्के फक्त पोत्यावर उरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर बराच क्लोरीन गाळच खातो.

गोदाकाठ: तुमच्या नावातल्या थायोसल्फेटचं काय काम?

थायोसल्फेट: नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, ते क्लोरीन निष्प्रभ करतं. ते नसलं तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. म्हणून ती बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, नेमकं तेच धुऊन जातं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, बाटलीत वर अडीच सेंमी जागा सोडायची, बर्फाच्या पेटीतून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत.

कुंभनगरी: गोदावरीतल्या रामकुंडावर तर ‘निर्जंतुक’ मुळीच लिहू नये. स्नानाच्या पाण्याला १०० मिलीत विष्ठाजन्य कोलीफॉर्म २५०० पर्यंत चालतात, ५०० इष्ट. तिथे ‘स्नानास योग्य’ किंवा ‘अयोग्य’. आणि सांडपाण्याच्या बातमीत ‘विषाणू सापडला’ छापतात तेही तपासा. पीसीआर या जनुकीय चाचणीत विषाणूचे जनुकीय तुकडे सापडतात, विषाणू जिवंत आहे की नाही ते त्यातून कळत नाही. ‘विषाणूचे अंश आढळले’ म्हणा.

गोदाकाठ: मग मजकूर असा: ‘दि. __ रोजी तपासलेल्या १०० मिली नमुन्यात ई. कोलाय व कोलीफॉर्म आढळले नाहीत. शिल्लक क्लोरीन __ मिग्रॅ/लिटर.’

थायोसल्फेट: नमुना कुठून घेतला तेही टाका. टाकीजवळचा क्लोरीन शेवटच्या नळाला पोचेलच असं नाही.