पहिल्या पोस्टडॉकसाठी मारी क्युरीच्या नादी लागावं का?

पेट्रीडिश (धागाकर्ता)

थिसिस सबमिट केलेली पोरं पावसाळ्यात एकदम गंभीर होतात आणि मारी क्युरी मारी क्युरी सुरू करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक काळाची संशोधनाची नोकरी किंवा फेलोशिप, आणि मारी क्युरी म्हणजे मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप, युरोपियन युनियनची, पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत कुठल्याही देशाच्या माणसाला अर्ज करता येतो, युरोपात जास्तीत जास्त दोन वर्षं. माझं मत सरळ आहे, पहिल्या पोस्टडॉकला हिच्या नादी लागू नका, कुणा प्रोफेसरच्या ग्रँटवरची (त्याच्या संशोधन निधीतून पगार देणारी) जाहिरात बघा, इंटरव्ह्यू द्या, निघा.

२०२४ ला १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ मंजूर झाले, म्हणजे सहात एक. २०२५ ला अर्ज थेट १७ हजारांच्या वर. अमेरिकेतली दारं बंद व्हायला लागली की गर्दी कुठे जाणार? आणि दहा पानांच्या अर्जात सायन्स किती, तर एक्सलन्सला ५० टक्के, त्यातही सुपरव्हिजन आणि तुमचा अनुभव आलाच. बाकी इम्पॅक्ट ३०, इम्प्लिमेंटेशन २०, गँट चार्ट (कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता) काढा, डेटा कसा ठेवणार ते लिहा, सामान्य जनतेला काय सांगणार ते लिहा. सप्टेंबरला टाकायचा, निकाल फेब्रुवारीत, जॉइनिंग त्याच्याही पुढे. इकडे जेआरएफ-एसआरएफची (पीएचडी करताना मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपची) पाच वर्षं संपून स्टायपेंड बंद झालेला, गाइड म्हणतो बस की लॅबमध्ये, तो पेपर तरी संपव. घरी काय बोलतात ते मी लिहीत नाही, सगळ्यांकडे तेच बोलतात.

रायबोझोम

साफ असहमत. एक मुद्दा तू सोयीस्कर गाळलास. डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलं असेल तर त्या देशासाठी अर्ज चालत नाही. म्हणजे "आधी लॅबच्या पैशावर जातो, सेटल होतो, मग तिथूनच मारी क्युरी टाकतो" हा जो बहुतेकांच्या डोक्यात प्लॅन असतो तो वर्षभरात आपोआप बाद. पीएचडी संपताना तू भारतात असतोस, अख्खा युरोप मोकळा असतो. हीच तर वेळ आहे!

दुसरं, ग्रँटवर गेलास की प्रश्न बॉसचा, डेडलाइन बॉसची, निघताना प्रोजेक्ट तिथेच राहतो. परत येऊन फॅकल्टीच्या इंटरव्ह्यूला बसलास की कमिटी पहिलं विचारते, यातलं तुमचं काय? तेव्हा काय सांगणार, पिपेटिंग माझं होतं?

पेट्रीडिश

नियम माहितीये मला, दुसऱ्या पोस्टडॉकला देश बदलायचा, त्यात काय. आणि "स्वतःची आयडिया" वगैरे ठीक आहे पण किती जणांचा प्रपोजल खरंच स्वतःचा असतो रे? अर्धी आयडिया होस्टच्या (ज्याच्या लॅबमध्ये जायचं त्या प्रोफेसरच्या) आधीच्या ग्रँटमधून उचललेली असते, होस्टच सांगतो असं लिही म्हणून.

गोदाकाठ

तुम्ही दोघंही मोठ्या संस्थांमधले दिसता म्हणून बोलते. मी राज्य विद्यापीठातून पीएचडी केली, गाइडना बाहेर कुणी ओळखत नाही. जाहिरातीला अर्ज केला की साधी पोचसुद्धा येत नाही, कारण त्या प्रोफेसरला स्वतःच्या ग्रँटमधून पगार द्यायचाय, तो ओळखीच्या लॅबमधलाच माणूस घेणार. पण "मी माझी फेलोशिप घेऊन यायचा प्रयत्न करतेय, तुम्ही होस्ट व्हाल का" असं लिहिलं की उत्तरं येतात, झूमवर बोलतातही. त्याचं काय जातंय, मिळाली तर बिनपगारी माणूस मिळतोय. पेट्रीडिश दादा, तुमचा सोपा रस्ता हा ज्यांची आधीच ओळख आहे त्यांच्यासाठी सोपा आहे.

आणि मारी क्युरी म्हणजेच फेलोशिप असं का धरून चाललाय सगळे? जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपचा संशोधन आराखडा पाच पानांचा असतो, देशाचा किंवा विषयाचा कोटा नाही. फक्त पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत हवं.

राइनकाठचा काका

जर्मनीत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, ताई, हुम्बोल्ट नावाला भारी आहे पण ते स्टायपेंड आहे, नोकरी नाही. टॅक्स नाही म्हणून पोरं खूश होतात, पण पेन्शनमध्ये काही जमा होत नाही आणि बेकारी विमाही नाही. प्रोफेसरच्या ग्रँटवर टीव्ही-एल तेराच्या (जर्मन राज्यांच्या सरकारी पगारश्रेणीच्या) करारावर आलात तर हे सगळं पगारातून कापलं जातं आणि करार संपला की दुसरी नोकरी मिळेपर्यंत काही महिने तरी हातात पैसे येतात. बायको-पोरं घेऊन आलेल्याला हा फरक फार मोठा. मारी क्युरीत मात्र साधारणपणे नोकरीचाच करार होतो, हे रायबोझोमच्या बाजूने मान्य.

पेट्रीडिश

काका बरोबर बोलले. पोटापाण्याचं आधी बघा असंच मी म्हणतोय.

घाटावरचा

सगळे बाहेरच पळा. इथे भारतातच एनपीडीएफ (नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप) आहे, वय ३५ पर्यंत, महिला, दिव्यांग आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

रायबोझोम

घाटावरचे, काढतो की शब्द. फेलोशिप कागदावर चांगलीच आहे, पण माझ्या मित्राला एका सरकारी फेलोशिपचे पैसे महिनोन् महिने आले नव्हते, घरभाडं सासऱ्यांनी भरलं. जेआरएफ २०२३ पासून ३१ चे ३७ हजार झाले म्हणून पेढे वाटले लोकांनी, वेळेवर येतात का ते विचारा.

गोदाकाठ

हो, आणि तरी मी एनपीडीएफचाही अर्ज टाकणार आहे. एकच टाकून बसायला कुणी सांगितलंय? पेट्रीडिश दादांच्या हिशोबातली गफलत तीच आहे. सहा महिने वाट बघत बसावं लागतं हे खरं नाही, त्या काळात जाहिरातींना अर्ज करायला कुणी हात बांधलेत का. आणि एकदा नीट लिहिलेला प्रपोजल चार ठिकाणी कापून-जोडून चालतो.

पेट्रीडिश

मारी क्युरीत ठरावीक मर्यादेपेक्षा कमी मार्क पडले तर पुढच्या वर्षी त्याच होस्टबरोबर पुन्हा टाकता येत नाही, हे ध्यानात ठेव. घाईत कसाबसा टाकलेला अर्ज नुसता वाया जात नाही, पुढचं वर्षही घेऊन जातो. टाकायचाच तर पूर्ण जोर लावून टाक, आणि पूर्ण जोर लावला की जाहिराती बघायला वेळ उरत नाही. मत बदललेलं नाही माझं.

गोदाकाठ

नका बदलू. होस्टने हो म्हटलंय पण मसुदा पाठवल्यापासून गप्प आहे, त्याचं काय करू ते सांगा. रायबोझोम?

रायबोझोम

कधी पाठवलास? ऑगस्टमध्ये असेल तर विसर, अख्खा युरोप सुट्टीवर असतो आणि डेडलाइन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आत्ताच त्याच्या विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसला मेल टाक, त्यांच्याकडे या अर्जांसाठी माणूस असतो, होस्टपेक्षा बारीक वाचतो. पोर्टलवर अर्ज सबमिटही होस्टच्याच अकाउंटवरून होतो, तेव्हा तो सुट्टीवर जाण्याआधी त्याला गाठ.