बारावी कॉमर्सनंतर इंग्लंडमध्ये फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशन: फाउंडेशन वर्षातून जावं का?

आत्या_साताराकर

नमस्कार मंडळी. भाचीची बारावी कॉमर्समधून झाली. महाराष्ट्र बोर्ड, गणित विषय होता, पण विज्ञान दहावीनंतर सुटलं. तिला इंग्लंडमध्ये ‘बीएस्सी फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशन, फाउंडेशन वर्षासह’ असा चार वर्षांचा कोर्स करायचा आहे. फाउंडेशन वर्षात नेमकं काय करून घेतात? रसायनशास्त्र पायापासून सुरू केलं तर झेपतं का? ‘फॉरेन्सिक सायन्स’ आणि ‘फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशन’ एकच, असं एजंट सांगतो, ते खरं का? परत आली तर मुंबईतल्या कलिना किंवा नागपूरच्या सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेचा दरवाजा तिला उघडा राहील का? आणि फी तिचे काका भरणार आहेत, त्यासाठी कागदपत्रं काय लागतील? माहीतगारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

नोंदवही

ताई, फाउंडेशन वर्ष म्हणजे तिथल्या भाषेत ‘वर्ष शून्य’. पातळी तिसरी, म्हणजे आपल्या बारावीच्या जोडीची. १२० क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप) असतात, बहुतेक ठिकाणी २० क्रेडिटचे सहा विषय: जीवशास्त्र, रसायन, गणित-संख्याशास्त्र, अभ्यासलेखन आणि घटनास्थळाची तोंडओळख अशा बेताचे. पास व्हायला साधारण ४० टक्के. या वर्षाचे गुण पदवीच्या अंतिम श्रेणीत धरत नाहीत, म्हणून बरीच मुलं ते हलक्यात घेतात आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत अडकतात.

रसायन झेपतं. घटक नवीन असतात, पण अवघड नसतात. मुलं अडतात ती द्रावणाच्या हिशेबात. उदाहरण देते. १ मोलर द्रावणापासून ०.१ मोलरचं २५० मिली करायचं आहे (मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल पदार्थ, ते तीव्रतेचं माप). मूळ द्रावण २५ मिली घ्यायचं आणि मापनफ्लास्कमध्ये २५० च्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. दरवर्षी कोणीतरी २५ मिलीत आणखी २५० मिली पाणी ओततं. एकूण २७५ मिली होतं आणि द्रावण ०.०९१ मोलरवर येतं. दिसायला फरक काहीच नाही, पण त्यावर उभं केलेलं पुढचं प्रत्येक वाचन चुकतं.

गणिताचंही तसंच. रक्ताचा थेंब तिरका पडला की डाग लांबट होतो. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आघातकोनाचा, म्हणजे थेंब ज्या कोनात आदळला त्याचा, साइन. रुंदी ५ मिमी, लांबी १० मिमी, भागाकार ०.५, कोन ३० अंश. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोनाचं दुसरं एकक) राहिला तर उत्तर ०.५२ येतं आणि विद्यार्थी तेच लिहून मोकळा होतो. दुसरी चूक म्हणजे डागाचं शेपूट लांबीत धरणं. लांबी फक्त लंबगोलाची मोजायची. रुंदी अर्ध्या मिलिमीटरनं जास्त, ५.५ मोजली तर कोन ३३ अंशांच्या पुढे जातो. म्हणून एकाच डागावर न थांबता अनेक डाग मोजायला लावतात.

बारावीला गणित होतं, ही जमेची बाजू आहे. तिला त्रिकोणमिती आणि लॉगरिदम तेवढे उजळवून ठेवायला सांगा.

दोन_थेंब

एजंटचं म्हणणं बरोबर नाही. दोन्ही कोर्स वेगळे आहेत, आणि पुढची सगळी वाट या फरकावर ठरते.

‘सायन्स’मध्ये प्रयोगशाळा मध्यभागी असते: क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणं), वर्णपटमापन (प्रकाशावरून पदार्थ ओळखणं), डीएनए, विषशास्त्र. ‘इन्व्हेस्टिगेशन’मध्ये घटनास्थळ मध्यभागी असतं: ठिकाण बंदिस्त करणं, फोटो, बोटांचे ठसे, बुटांचे ठसे, मुद्देमालाचं पॅकिंग, अहवाल, न्यायालयातली साक्ष. रसायन असतं, पण कामापुरतं. (आपल्याकडे ‘न्यायवैद्यक’ म्हणतात ते शवविच्छेदनाचं काम यातलं कशातच नाही, त्याला आधी डॉक्टर व्हावं लागतं. घरच्यांचा हा गैरसमज असेल तर आत्ताच दूर करा.)

आता परत येण्याचं. मुंबईत कलिना, शिवाय नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इथल्या न्यायसहायक (फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचा. पात्रतेत विषयाचं नाव छापलेलं असतं, बहुधा रसायन, भौतिक, जीवशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञान. गुणपत्रिकेवर रसायनाचे दोन-तीनच विषय असतील तर अर्ज छाननीतच बाजूला पडू शकतो. प्रयोगशाळेत यायचं असेल तर ‘सायन्स’ घ्यावं, किंवा ‘इन्व्हेस्टिगेशन’नंतर रसायनाधारित एमएस्सीची तयारी ठेवावी. परदेशी पदवीची समकक्षता हा वेगळा विषय आहे. त्यासाठी विद्यापीठाकडून प्रत्येक वर्षाचे विषय, क्रेडिट आणि तास लिहिलेलं पत्र पदवी मिळताच घेऊन ठेवावं. चार वर्षांनी ते मिळवणं फार कटकटीचं होतं.

दुसरी बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. घटनास्थळावर शिस्तीनं काम करणाऱ्या माणसांची गरज त्यामुळे वाढणार. पण गरज वाढली म्हणून भरतीचे नियम आपोआप बदलत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्याआधी नियमच बघा.

इंग्लंडमध्येच राहायचं ठरलं तर तिथलं चित्रही ओळखून असावं. सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस २०१२ मध्ये बंद झाली. इंग्लंड-वेल्समध्ये प्रयोगशाळेतलं बरंचसं काम खासगी कंपन्यांकडे आहे, घटनास्थळाचं काम पोलीस दलांच्या नागरी कर्मचाऱ्यांकडे. पोलिसांकडे नोकरी म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी आली, आणि तिच्यात साधारणपणे मागची तीन वर्षं त्या देशात राहिल्याची अट असते. व्हिसाची प्रायोजकता मिळणं आणखी वेगळं. बहुतेक जाहिरातींत चारचाकीचा पूर्ण परवाना मागतात. भारतीय परवान्यावर तिथे १२ महिने गाडी चालवता येते, पण तो बदलून मिळत नाही, नव्यानं परीक्षा द्यावी लागते.

नोंदवही

दोन_थेंब यांनी लिहिलं त्याला जोडून: कोर्स निवडताना चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस या तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का ते बघा, आणि आहे तर कोणत्या घटकांना आहे तेही. घटनास्थळ तपास, प्रयोगशाळा विश्लेषण, पुराव्याचं अर्थनिर्णयन व मांडणी असे घटक वेगवेगळे मान्य होतात. मान्यता पदवीला असते, फाउंडेशन वर्षाला नाही.

तीन प्रश्न ईमेलनं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फाउंडेशननंतर ‘इन्व्हेस्टिगेशन’वरून ‘सायन्स’ला जाता येतं का, आणि त्यासाठी रसायनात किती गुण लागतात? (नुसत्या ४० वर हे सहसा होत नाही.) सरावाच्या घटनास्थळ-घरात प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला किती तास मिळतात आणि गटात किती जण असतात? एखादा विषय नापास झाला तर पुन्हा परीक्षा कधी, आणि वर्ष वाया गेलं तर व्हिसाचं काय?

तासांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरावाचं घर बऱ्याच विद्यापीठांकडे आहे. पण आठ जणांच्या गटात एक जण ब्रशनं पावडर लावतो आणि सात जण बघतात, असं असेल तर हात बसत नाही.

विलायती_मराठी

इकडेच वाढलेल्या मुलांच्या पालकांसाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या फाउंडेशन वर्षाची कमाल फी स्थानिक विद्यार्थ्यांना ५,७६० पौंड केली आहे. विज्ञानाच्या फाउंडेशनला ही सवलत नाही, तिथे २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड ठरली. वय १९ पूर्ण असेल तर पदवीच्या प्रवेशासाठीचा ‘ॲक्सेस टू हायर एज्युकेशन’ डिप्लोमा स्वस्त पडतो: ६० क्रेडिट, त्यातल्या ४५ ना श्रेणी (ग्रेड) मिळते. त्यासाठी कर्ज घेतलं आणि पुढे पदवी पूर्ण केली, तर त्या डिप्लोमाच्या कर्जाची उरलेली रक्कम माफ होते.

हे भारतातून येणाऱ्यांना लागू नाही. त्यांची फी विद्यापीठ ठरवतं, तिला कमाल मर्यादा नाही.

कागदपत्र_मास्तर

आत्याबाई, काकांच्या पैशाबद्दल. विद्यार्थी व्हिसासाठी पैसे मुलीच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात दिसावे लागतात. काका, मामा, आजोबा यांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, ते कायदेशीर पालक असतील तरच गोष्ट वेगळी. काकांना मदत करायचीच असेल तर रक्कम आधीच तिच्या वडिलांच्या खात्यात यायला हवी. वडिलांचं खातं दाखवणार तर तिचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र जोडावं लागतं. जन्मदाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर हवं.

दाखवायची रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची न भरलेली फी अधिक जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. ती सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. नकार येतात ते इथेच: मध्ये एक दिवस हप्ता कापला जातो, शिल्लक खाली जाते आणि २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. पौंडाचा दर रोज हलतो, म्हणून रक्कम थोडी वरच ठेवा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेचं पत्र मुलीच्या नावानं हवं.

आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम, अर्जासोबतच. चार वर्षांना तीन हजार पौंडांच्या वर जातो. बजेट करताना हा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

अजून एक. पदवीत सामावलेलं फाउंडेशन वर्ष आणि वेगळ्या संस्थेतला आंतरराष्ट्रीय फाउंडेशन कोर्स या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिल्यात चारही वर्षांचा एकच प्रवेश असतो. दुसऱ्यात फाउंडेशन संपलं की पदवीसाठी पुन्हा व्हिसा आलाच, आणि पदवीखालच्या पातळीच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला १० तासच काम करता येतं, पदवीच्या कोर्सला २०. काही विद्यापीठं सामावलेल्या फाउंडेशनला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या.

आत्या_साताराकर

मनापासून आभार सगळ्यांचे. काकांच्या खात्याचं कळलं नसतं तर मोठा घोळ झाला असता. जायला अजून काही महिने आहेत. तोवर तिनं घरी काय करावं? आणि प्रत्यक्ष कामात मुलं कुठे गुण घालवतात?

नोंदवही

सगळ्यात जास्त गुण नोंदींत जातात. आपल्याकडे घटनास्थळाचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो. इंग्लंडमध्ये पंच नसतात. तिथे तपासणाऱ्याची त्या क्षणी लिहिलेली टिपणं आणि मुद्देमालाच्या लेबलवरच्या सह्यांची साखळी, यावरच सगळं उभं असतं. म्हणून खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही, ओळीच्या मध्ये घुसवायचं नाही, उरलेली जागा रेघ मारून बंद करायची. तिनं आजपासून रोज एका खोलीचं असं वर्णन लिहावं: काळं पेन, वेळ २४ तासांच्या घड्याळात, मापं टेपनं घेतलेली. ‘मोठं टेबल’ हे वर्णन नाही, ‘लाकडी टेबल, १२० गुणिले ६० सेंमी, दारापासून २ मीटर’ हे वर्णन आहे.

ठशांच्या पावडरचा हात घरी बसणार नाही, पण तत्त्व समजून जावं. गुळगुळीत काचेवर ॲल्युमिनियमची पावडर आणि काचतंतूंचा मऊ ब्रश. पावडर जास्त झाली की रेषांमधल्या खाचा भरतात आणि ठसा काळवंडल्यासारखा सपाट होतो, मग तो सुधारत नाही. कागदावर पावडर नाही, निनहायड्रिन. ते घामातल्या अमिनो आम्लांशी जांभळा रंग देतं. कागद भिजलेला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेलेली असतात, तेव्हा निनहायड्रिनचा उपयोग नाही.

दोन_थेंब

रक्ताच्या प्राथमिक चाचणीत, म्हणजे कॅसल-मायरमध्ये, गोंधळ होतो तो क्रमाचा. गाळणकागद डागावर हलकेच घासायचा. एक थेंब अल्कोहोल, मग एक थेंब अभिकर्मक (चाचणीचं रसायन), आणि इथे थांबायचं. गुलाबी झालं नाही याची खात्री करून शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडआधीच रंग आला तर तो डागातल्या दुसऱ्या ऑक्सिडीकारकाचा, रक्ताचा नव्हे. पेरॉक्साइडनंतर काही सेकंदांत आला तर ‘रक्त असू शकतं’ एवढंच लिहायचं, कारण बटाटा, मुळा यांतली पेरॉक्सिडेझ विकरंही (एन्झाइम) हाच रंग देऊ शकतात. अर्ध्या मिनिटानंतर हळूच चढलेला गुलाबी रंग धरायचा नाही, तो हवेनंही येतो. आणि सुरुवातीला माहीत असलेल्या रक्तावर व कोऱ्या कागदावर अभिकर्मक तपासून त्याची नोंद केली नाही, तर पुढचं सगळं बरोबर असूनही गुण कापतात.

रक्तानं ओला झालेला कपडा प्लॅस्टिकमध्ये बंद करायचा नाही. ओल कोंडते, बुरशी येते, डीएनए नासतो. वाळवून कागदी पिशवीत.

जाण्याआधी तिनं दहावी-अकरावीच्या रसायनातलं मोल, तीव्रता, आम्ल-आम्लारी आणि ऑक्सिडीकरण एवढं पाठ्यपुस्तकातून उदाहरणांसह सोडवावं. अकरावीचं बालभारतीचं पुस्तक पुरतं. इंग्रजी संज्ञा शेजारी लिहून ठेवाव्यात, कारण पहिल्या महिन्यात विषयापेक्षा शब्दच जास्त अडवतात.