मदत हवी आहे: ड्युटीवाटपातला भेदभाव मागणीपत्रात कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. मी बसचालक आहे. आमच्या युनियनच्या मागणीपत्राचा मसुदा माझ्याकडे आलाय आणि एका मुद्द्यावर अडलोय.

मूळ पगार सगळ्यांना सारखाच. पण ओव्हरटाइम आणि लांब पल्ल्याच्या ड्युट्या पुरुषांनाच लागतात, त्यामुळे महिनाअखेर महिला सहकाऱ्यांच्या हातात कमी पैसे येतात. व्यवस्थापन मूळ पगाराचा आकडा दाखवून मोकळं होतं. आमची एक सहकारी तर ड्युटीआधी पाणीच पीत नाही, कारण शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह नाही. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या समान वेतन करारात (क्र. १००) मूळ पगाराबरोबर कामापोटी मिळणारा इतर मोबदलाही धरलाय. तो आधार घेणार आहे. विश्रांतीसाठी १९७९ चा क्र. १५३ आहेच: सलग चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला लावायची नाही.

पण भेदभाव सिद्ध कसा करायचा? ड्युटी चार्ट आणि पगारपत्रकं किती महिन्यांची जोडावीत? सहकाऱ्यांची नावं उघड न करता हे जमेल का? आणि स्वच्छतागृहाची मागणी वेगळी ठेवू की समानतेतच घालू? वाटाघाटीला बसलेल्या कुणी कृपया सविस्तर सांगा.