विद्यापीठ ग्रंथालयाचे वार्तापत्र : सहकाऱ्यांचे कौतुक, त्यांची कला आणि संसाधनांच्या बातम्या एका अंकात कशा बसवाव्यात?

प्रश्न : वार्तापत्र_संपादक

नमस्कार. आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या त्रैमासिक वार्तापत्राचे संपादन अलीकडेच माझ्याकडे आले आहे. आतापर्यंतच्या अंकांची रचना ठरलेली असे. पहिल्या पानावर एका सहकाऱ्याचे छायाचित्र आणि त्यांच्या 'मनमिळाऊ व तत्पर' सेवेचे चार ओळींत कौतुक, मधल्या पानांवर सहकाऱ्यांच्या कविता, रेखाटने व छायाचित्रे, आणि अखेरीस नव्याने घेतलेल्या डेटाबेसची व ई-नियतकालिकांची यादी.

कौतुकाचे सदर बहुधा देवघेव विभाग आणि संदर्भ कक्ष यांच्याभोवतीच फिरते, कारण वाचकांना तीच माणसे दिसतात व शिफारसीही त्यांच्याच येतात. तालिकीकरण (पुस्तकांच्या सूचीनोंदी तयार करणे), नियतकालिके आणि बांधणी या विभागांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची नावे कोणाच्या कानावरही जात नाहीत. दुसरीकडे, शैक्षणिक संस्थेच्या वार्तापत्रात कविता कशाला, असा प्रश्न काही प्राध्यापकांनी उघडपणे विचारला आहे. शेवटची यादी तर कोणी वाचत असेल, असे मलाच वाटत नाही. अशा कामाचा अनुभव असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे : कौतुकासाठी माणसे निवडायची कशी, कलेचे सदर ठेवावे की नाही, आणि संसाधनांच्या बातम्या वाचनीय कशा कराव्यात?

उत्तर : नियतकालिके_विभाग

आपण पहिला आणि तिसरा प्रश्न वेगवेगळे मांडले आहेत. माझ्या मते ते एकच आहेत. संसाधनांच्या प्रत्येक बातमीमागे कोणाचे तरी काम असते आणि आपण ते काम गाळून केवळ नाव छापतो. त्यामुळे बातमी निर्जीव होते आणि काम करणाराही अदृश्य राहतो.

एक उदाहरण देतो. ग्रंथालयाने एखाद्या नियतकालिकाची वर्गणी भरलेली असते, तरीही वाचकाला 'हा लेख उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. पुष्कळदा कारण एवढेच असते, की प्रकाशकाने पुरवलेल्या शीर्षकसूचीत आरंभाचे वर्ष चुकलेले असते, नियतकालिकाचे नाव बदलल्याची नोंद नसते, किंवा अलीकडचे अंक ठरावीक मुदतीनंतरच खुले होतात ही अट वगळलेली असते. अशा सूच्या कोणत्या रकान्यांत आणि कशा द्याव्यात याची 'केबार्ट' नावाची शिफारस २०१० सालापासून अस्तित्वात आहे. पण शिफारस असणे वेगळे आणि सूची बिनचूक येणे वेगळे. या सूच्या परवान्याच्या कराराशी ओळीओळीने ताडून पाहणारा एक सहकारी प्रत्येक ग्रंथालयात असतो. 'अमुक संग्रहातील जुने अंक आता शोधात दिसू लागले आहेत, कारण आमच्या अमुक सहकाऱ्यांनी शीर्षकसूचीतील चुकीची वर्षे दुरुस्त करून घेतली' असे वाक्य छापले, तर ती वाचकाच्या उपयोगाची बातमीही ठरते आणि कोणत्याही विशेषणाविना केलेले कौतुकही.

निवडीच्या बाबतीत मतदान टाळावे. मतदानात लोकप्रियता मोजली जाते आणि जो विभाग वाचकांसमोर येत नाही, तो तिथे हरणारच. त्याऐवजी प्रत्येक विभागाकडून 'या तिमाहीत वाचकाचा कोणता अडथळा दूर झाला?' एवढ्या एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर मागवावे. सुरुवातीला विभागप्रमुख आपली स्वतःचीच नावे पाठवतात, हेही सांगून ठेवतो. म्हणून उत्तरात काम प्रत्यक्ष हाताने कोणी केले, याचा उल्लेख बंधनकारक करावा; ग्रंथालय परिचरांची नावे तेव्हाच वर येतात.

उत्तर : पुराव्याचा_शोध

मी ग्रंथपाल नाही, संशोधक आहे; त्यामुळे वाचकाच्या बाजूने लिहितो. वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ग्रंथालयीन सहकाऱ्यांच्या कौतुकाची खरी जागा वार्तापत्राच्या आधी शोधनिबंधात आहे, असे मला वाटते. वैद्यक आणि सामाजिक शास्त्रांतील पद्धतशीर आढाव्यांत, म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे आधीचे सर्व संशोधन ठरलेल्या रीतीने शोधून तपासणाऱ्या निबंधांत, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या शोधसूत्राने (शोधशब्दांच्या जुळणीने) आणि कोणत्या दिवशी शोध घेतला हे इतक्या काटेकोरपणे द्यावे लागते, की ते सूत्र रचणे हेच एक स्वतंत्र कौशल्य झाले आहे. या नोंदींसाठी २०२१ मध्ये 'प्रिझ्मा-एस' ही १६ कलमांची तपासणीसूची प्रसिद्ध झाली. एवढे काम ज्यांनी केले, त्यांचा उल्लेख अनेकदा अखेरच्या आभारांत एका ओळीत उरकला जातो.

सहलेखनासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : कामात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्यास मान्यता आणि कामाची जबाबदारी. शोधसूत्र रचणाऱ्या ग्रंथपालांना मसुदा वाचायलाच दिला नाही, तर दुसरा निकष त्यांना पूर्ण कसा करता येणार? प्रत्येकाचा वाटा नेमका सांगण्यासाठी 'क्रेडिट' या वर्गीकरणात १४ भूमिका दिलेल्या आहेत आणि अनेक नियतकालिके त्या छापतात. आपल्या वार्तापत्रात 'या तिमाहीत आमच्या सहकाऱ्यांचा सहभाग असलेले शोधनिबंध' असे छोटे सदर, प्रत्येकाच्या भूमिकेसह, सुरू करावे. ते वाचून इतर प्राध्यापकही योग्य श्रेय देऊ लागतील, अशी आशा आहे. निदान विचारणा तरी करतील.

बातम्यांच्या यादीविषयी थोडक्यात : डेटाबेसचे नाव मला काहीच सांगत नाही. त्यात कोणत्या वर्षापासूनचा मजकूर आहे, संपूर्ण लेख मिळतो की फक्त सारांश, घरून कसे शिरता येते आणि एका वेळी किती जण वापरू शकतात, एवढे सांगितले तर मी ते वाचीन.

उत्तर : बांधणी_आणि_अक्षरे

कलेच्या सदरावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. ग्रंथालय आणि सर्जनशील लेखन यांचे नाते नवे नाही. कवी फिलिप लार्किन १९५५ पासून १९८५ साली निधन होईपर्यंत इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि त्या काळात त्यांनी नव्या इमारतीची उभारणी, ग्रंथसंग्रहाची वाढ, संगणकीकरण अशी रुक्ष वाटणारी कामेही पाहिली. कविता लिहिणारा माणूस ग्रंथालयाचे काम मन लावून करणार नाही, या समजुतीला आणखी उत्तर देण्याची गरज नसावी.

तरीही त्या प्राध्यापकांचा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळणार नाही. 'कर्मचाऱ्यांचे छंद' अशा शीर्षकाखाली हाताला लागेल ते छापले, की भिंतीवरच्या हस्तलिखिताची कळा येते आणि लेखकालाही त्यात सन्मान वाटत नाही. निवड करावी, संपादन करावे आणि नाकारण्याचेही धैर्य ठेवावे. माझा कल असा आहे, की कला कामाला कुठे भिडते ते आधी पाहावे. जुन्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या सहकाऱ्याने स्वतःच्या कल्पनेने केलेल्या वह्या, दुर्मीळ नकाशे हाताळणाऱ्याने काढलेली रेखाटने, प्रदर्शनाच्या फलकांसाठी केलेले सुलेखन, संग्रहातील जुन्या छायाचित्रांवरून सुचलेले ललित लेखन : अशा साहित्यासोबत त्या मूळ वस्तूचा दाखलक्रमांक द्यावा, म्हणजे वाचक ती पाहायला येतो. मात्र कामाशी काहीही संबंध नसलेली चांगली कविता आली, तर तीही छापावी; प्रत्येक गोष्टीने ग्रंथालयाची जाहिरात केलीच पाहिजे असे नाही.

दोन व्यवहाराच्या बाबी आहेत. कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कलाकृतीचे हक्क सर्वसाधारणपणे निर्मात्याकडे असतात, तरी नोकरीच्या करारातील कलम पाहून घ्यावे आणि प्रकाशनाची लेखी संमती घ्यावी. वार्तापत्र जर विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात जाणार असेल, तर त्या अंकाला लावलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (ठरावीक अटींवर इतरांना मजकूर वापरू देणारा खुला परवाना) मधल्या पानांवरील चित्रांनाही लागू होतो की नाही, हे अंकातच स्पष्ट लिहावे. तसे न लिहिल्यास आपले चित्रही त्या परवान्याच्या अटींवर कोणीही वापरू शकतो असा समज होतो, हे चित्रकाराला फार उशिरा कळते.

उत्तर : जुना_परिचर

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत, पण एक कटू गोष्ट मांडतो. वार्तापत्रातील कौतुकाला संस्थेला काहीच मोजावे लागत नाही आणि म्हणूनच ते पदोन्नती, प्रशिक्षण किंवा परिषदेला जाण्याची परवानगी यांच्या जागी देण्याचा मोह होतो. अंकात ज्याच्या कामाची नोंद होते, त्याच्या सेवापुस्तिकेत किंवा वार्षिक मूल्यमापनात तीच नोंद जाते का, हे संपादकांनी आस्थापना विभागाला विचारावे. जात नसेल, तर निदान त्या मजकुराची अधिकृत प्रत संबंधिताला द्यावी, म्हणजे अर्ज करताना ती जोडता येते. शिवाय छायाचित्र छापण्यापूर्वी विचारावे. सर्वांनाच पहिल्या पानावर झळकायला आवडत नाही.

वार्तापत्र_संपादक (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कोणता अडथळा दूर झाला' हा प्रश्न पुढील अंकासाठी सर्व विभागांना पाठवत आहे आणि कलेच्या पानांसाठी संमतीपत्राचा नमुना तयार करत आहे. एक शंका उरते. चाचणीसाठी आलेल्या डेटाबेसची बातमी दिली, की काही वाचकांना तो कायमचा मिळाल्यासारखे वाटते आणि चाचणी संपल्यावर तक्रारी येतात. अशा बातम्या द्याव्यात की टाळाव्यात?

उत्तर : नियतकालिके_विभाग

जरूर द्याव्यात, फक्त चाचणी संपण्याची तारीख शीर्षकातच घालावी आणि अभिप्राय कोणाकडे पाठवायचा तेही त्याच परिच्छेदात सांगावे. तारीख खाली बारीक अक्षरांत असली, तर ती कोणी पाहत नाही. चाचणीनंतर वर्गणी घेतली किंवा नाही घेतली, तरी पुढील अंकात कारणासह दोन ओळी लिहाव्यात. कारणे देताना 'काउंटर' या ई-संसाधनांचा वापर मोजण्याच्या मानकाप्रमाणे मिळणारे वापराचे अहवाल उपयोगी पडतात. त्यांत किती लेख उघडले गेले यासोबतच परवाना नसल्यामुळे किती वेळा प्रवेश नाकारला गेला हेही वेगळे नोंदवलेले असते, आणि एका वेळच्या वापरकर्त्यांची मर्यादा संपल्यामुळे झालेले नकार त्याहून निराळे दाखवलेले असतात. पहिल्या प्रकारचे नकार वर्गणीची मागणी दाखवतात, दुसऱ्या प्रकारचे नकार असलेल्या परवान्याची मर्यादा वाढवण्याची गरज दाखवतात. दोन्हींची बेरीज करून छापू नये. हे अहवाल दरमहा उतरवून घेणारे सहकारी आपल्याकडे कोण आहेत, ते पाहा. पुढच्या अंकासाठी एक नाव तिथेच मिळेल.